पाव्हण्यांचं पाणी

आमच्या घरची तूरडाळ शिजेनाशी झाली तेव्हा आईनं आधी डाळीला नावं ठेवली, मग ती विकणाऱ्याला, मग ओल्या जळणाला, आणि सगळे संपले तेव्हा मला. तास-दोन तास चुलीवर रटरटूनही डाळीचा दाणा दाताखाली टचटच लागायचा. आईचं माहेर लातूरजवळच्या मुरुडचं. मुरुडच्या बाजारातली डाळ शिजत नाही म्हणजे तिच्या माहेरावरच बालंट, त्यामुळे दोन महिने तिनं तो विषय घरात काढू दिला नाही. गुपचूप चिमूटभर सोडा टाकायची आणि सोड्याची चव लागू नये म्हणून जिऱ्याची फोडणी वाढवायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, जेवताना बोलत नसत. ताटातलं वरण भाकरीनं पुसून घ्यायचे आणि हात धुवायला उठायचे. एकदा मात्र हात धुता धुता त्यांनी तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "डाळीला कशाला शिव्या देतीस? पाणी बघ की." आईनं पाणी बघितलं नाही. तिला ते कधीपासूनच दिसत होतं.

आमचं घर शेतातच होतं, गावापासून हाकेच्या अंतरावर. दोन वावरं ओलांडली की ओढा. ओढ्याच्या अलीकडे आमची विहीर, पलीकडे दारूचा कारखाना. बाहेरची माणसं त्याला डिस्टिलरी म्हणायची. आमच्याकडे दारूचा कारखाना हेच नाव. आमचं घर लिंगायताचं, दारूचं नाव काढलं तरी आई कानाला हात लावायची, पण हे नाव तिच्याच तोंडून दिवसातून दहादा निघायचं, कारण त्याच्या भोंग्यावर सगळं घर चालायचं. पहिल्या भोंग्याला ती तवा ठेवायची, दुसऱ्याला अप्पा बैल सोडायचे. साखर कारखान्यातून मळी यायची, तिची दारू व्हायची आणि उरलेलं काळं, आंबूस पाणी मागच्या चार मोठ्या खड्ड्यांत सोडून द्यायचे. खड्ड्यांच्या तळाला ना फरशी, ना सिमेंट, नुसता मुरूम. मग एका वर्षी कारखाना बंद पडला. का पडला, मालक कोण, कुठला, हे आम्हाला कधी कळलं नाही. भोंगा वाजला नाही म्हणून त्या दिवशी भाकऱ्या उशिरा झाल्या, एवढं आठवतं. यंत्रं गंजत राहिली, एक राखणदार राहिला आणि खड्डे भरलेले तसेच राहिले. उन्हाळ्यात त्यांच्यावर जाड काळी साय धरायची आणि वारा फिरला की सडक्या गुळाचा वास आमच्या अंथरुणापर्यंत यायचा. कारखाना गेला, आता पाणी निवळेल, असं जो तो म्हणायचा. झालं उलटंच. त्या खड्ड्यांतलं पाणी जमिनीखालून वाट काढत आमच्या विहिरीत उतरलं.

पहिल्या वर्षी पाणी नुसतं पिवळसर झालं. दुसऱ्या वर्षी ते कोऱ्या चहाच्या रंगावर गेलं. अप्पांचं धोतर कितीही धुतलं तरी मळकट दिसायचं, बैल हौदाला तोंड लावून फुरफुरायचे आणि मग नाइलाजानं प्यायचे. चांगलं पाणी एकाच ठिकाणी उरलं होतं. माळावर महादेवाचं देऊळ होतं, त्याच्या मागे एक आड. तो कारखान्याच्या वरच्या अंगाला होता म्हणून वाचला. पण झरा बारीक, आणि त्यावर अख्खं गाव. घराला दिवसाकाठी दोन घागरी मिळाल्या तर नशीब. त्यातली एक अप्पांच्या लिंगपूजेला लागायची आणि दुसरी पाव्हण्यांना. आमच्या स्वयंपाकघरात दोन हंडे शेजारी शेजारी असत. तांब्याचा, झाकण घातलेला, तो पाव्हण्यांचा. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पोचे पडलेला, तो आमचा. त्यात विहिरीचं पाणी तुरटी फिरवून, फडक्यानं गाळून ठेवलेलं असे. रोज कोण पाव्हणा यायचा? पण तो हंडा भरलेला हवा. संध्याकाळी उरलेलं पाणी आम्हाला वाटीवाटी मिळायचं आणि आक्का तिच्या वाटणीचं मला द्यायची. असं करायचं म्हणून गावात कुणी ठरवलं नव्हतं, तरी घरोघर तीच रीत पडली. देवाला आणि पाव्हण्याला माळावरचं, लेकराबाळांना विहिरीचं. आज मला विचाराल तर मी त्या रीतीला चुलीत घाला म्हणेन. तेव्हा असं म्हणणाऱ्या पोरीला उलट्या काळजाची म्हटलं असतं.

यामागं नुसता पाहुणचार नव्हता, भीतीही होती. गावाचं पाणी नासलंय हे बाहेर गेलं तर या गावात लेक कोण देईल आणि इथली लेक कोण करून घेईल? त्यामुळे पाण्याबद्दल सगळे आपापसात कुजबुजायचे आणि फाट्यावर गेले की गप्प व्हायचे. तोंड उघडून बोलणारा एकच माणूस होता, आमचे शेजारी वैजनाथकाका. त्यांची विहीर आमच्या विहिरीला लागून. त्यांची लिंबाची बाग त्या पाण्यानं शेंड्याकडून वाळत गेली, तेव्हापासून ते पंधरा दिवसांआड लातूरच्या सरकारी कचेरीत जाऊन अर्ज द्यायचे. कागद ठेवायला खताची धुतलेली पिशवी. गावानं त्यांचं नाव अर्जवाला वैजनाथ ठेवलं होतं आणि आई तर म्हणायची, "गावाची अब्रू यष्टीत बसवून लातूरला न्यायलाय त्यो." अप्पांनी मात्र त्यांच्या अर्जावर सही केली होती. साहेब येतील, दोन्ही विहिरींचं पाणी बाटलीत नेऊन तपासतील, मग मालकाला धरून ते खड्डे उपसायला लावतील, असं काकांचं म्हणणं होतं. साहेब दोन वर्षं आले नाहीत.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं नाव महानंदा, पण ते मास्तर सोडून कुणी घेतलं नाही. हात असा चालायचा की ती बोलता बोलता ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापून संपवायची आणि आपल्याला वाटायचं, अजून पीठ मळतेय. दोन स्थळं तिला बघून परत गेली होती. एक रंगावरून गेलं. दुसरं का गेलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आईनं मनाशी ठरवून टाकलं की ते पाण्यानंच गेलं. त्यानंतर आक्का जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायला लागली. तिला कुणी काही म्हणत नव्हतं, पण घरात जास्त झालेल्या माणसासारखी ती भिंतीकडेनं चालायची. मला ते बघवायचं नाही. तिसरं स्थळ उदगीरचं, किराणा दुकानवाले. मुलगा शांत, बघून गेला आणि होकार आला. फक्त त्याच्या आईला घर बघायचं होतं. ती येणार, मन भरलं की तिथंच सुपारी फोडायची.

उदगीरचे सगळे ज्या दिवशी आले, त्याच दिवशी साहेबही आले. सोमवारी येतो म्हणालेले साहेब आले गुरुवारी. साहेब सोमवारी का आले नाहीत हे विचारायला वैजनाथकाका नेमके त्याच सकाळच्या गाडीनं लातूरला गेलेले. चैत्रातलं ऊन, दुपारचे बारा-साडेबारा. ओसरीवर उदगीरची मंडळी बसलेली, आत पुरणाचा वास, आणि दारात जीप. साहेब घामानं थबथबलेले. ते नुकतेच काकांच्या घरून आले होते. काखेत एक पेटी, तिच्यात पाणी भरलेली एक बाटली आणि एक मोकळी. अप्पांनी त्यांना ओसरीवर पाट दिला, मी तांब्याच्या हंड्यातलं पाणी दिलं. ते घटाघटा प्यायले आणि मोकळी बाटली माझ्याकडे देत म्हणाले, "विहिरीचं पाणी भरून आण बाळ. लांब आहे का विहीर?"

"दोन वावरं पल्याड," अप्पा म्हणाले. "चला, मी दावतो."

साहेबांनी उन्हाकडे बघितलं. "घरात भरलेलं असेल ना विहिरीचं? तेच चालेल."

नवऱ्या मुलाची आई पदरानं वारा घेत बसली होती. तिनं विचारलं, "कसलं पाणी ओ? पाण्याला काय झालंय?" अप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आईनं आतून हाक मारली, "सुमे, लवकर आण की बाटली भरून, सायेब खोळंबलेत." ती एवढंच म्हणाली. कुठल्या हंड्यातून, हे ती म्हणाली नाही. पुढे आयुष्यभर तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी आत गेले. आक्का कोपऱ्यात नेसून बसली होती, हातात पानाचं तबक. दोन्ही हंडे माझ्यासमोर. जर्मनच्या हंड्यातलं पाणी काचेच्या बाटलीत कसं दिसेल, ते मला न भरताही दिसत होतं. ती बाटली मी ओसरीवरून नेणार, त्या बाईसमोरून. मी तांब्याच्या हंड्याचं झाकण काढलं. आक्कानं बघितलं. तिनं मान हलवली नाही, हो म्हणून नाही की नको म्हणून नाही. मी बाटली भरली, बूच लावलं, परकराला पुसली आणि बाहेर नेऊन दिली. साहेबांनी ती उजेडात धरली. ते किंचित बुचकळ्यात पडले, पण ऊन होतं, भूक होती, आणि दुसरी बाटलीही तशीच नितळ होती. त्यांनी चिठ्ठी चिकटवली आणि अप्पांची सही घेतली. अप्पांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. त्या बाईनं तेवढ्यात पाणी मागितलं, प्याली आणि म्हणाली, "पाणी गोड हाय की तुमच्या गावचं." तासाभरात सुपारी फुटली.

वैजनाथकाका दुपारच्या गाडीनं परतले. फाट्यावर त्यांना जीप दिसली म्हणे, धुरळ्यात. ते घरीसुद्धा न जाता तसेच आमच्याकडे आले. मी अंगणात पुरणाची भांडी घासत होते. दम लागला होता त्यांना. "सुमे, ईहिरीचंच भरून दिलीस न्हवं?"

"हाव काका," मी म्हणाले.

ते हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. खिशातून पेपरमिंटच्या चार गोळ्या काढून त्यांनी माझ्या ओल्या हातावर ठेवल्या आणि घराकडे गेले.

महिना-दीड महिन्यानं कागद आला. दोन्ही नमुने पिण्यास योग्य. काकांनी तो कागद आधी शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतला, मग पोस्टमनकडून, मग तलाठ्याकडून, की कुणी तरी वेगळं वाचेल. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक अर्जाला त्या कागदाची नक्कल जोडून उत्तर येऊ लागलं. गावातले म्हणायला लागले, वैजनाथची लिंबं रोगानं गेली, हा उगाच कारखान्यावर घेतोय. बोलणाऱ्यांत माळावर रांगेत उभ्या राहणाऱ्या बायाही होत्या, ज्यांना सगळं ठाऊक होतं. त्याच वर्षी कुणीतरी ट्रकनं मुरूम आणून खड्डे बुजवले. आतलं काळं पाणी न उपसता, वरूनच. यंत्रं भंगारात गेली. आज तिथं सोयाबीन पेरतात, आणि नवख्या माणसाला खाली काय आहे ते सांगूनही पटत नाही. आमच्या विहिरीचं पाणी अजून तसंच आहे. मी म्हातारी झाले, ते पाणी काही निवळलं नाही.

आक्काचं लग्न झालं, सुखाचं झालं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा आईनं तिला तांब्याच्या हंड्यातलं पाणी दिलं. आक्कानं ते हातात घेतलं आणि ढसाढसा रडली. "मला पाव्हणी केलीस व्हय गं आई," म्हणाली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि पाणी मात्र तेच प्यायला लावलं. पुढे तिच्या सासूला सगळं कळलं, लपणार किती दिवस? ती म्हातारी सरळ मनाची होती. म्हणाली, "आता गं बाई! पाण्यावरून कोण पोरगी नाकारतंय? आमच्या उदगीरला तरी कुठं रोज नळ येतोय?" मला ही गोष्ट आक्कानं हसत हसत सांगितली. मी हसले नाही. ज्या भीतीसाठी मी ती बाटली भरली, ती भीतीच खोटी होती.

मी पुढे आरोग्यसेविका झाले. नांदेड जिल्ह्यात नोकरी, बिलोलीला काही वर्षं, मग हदगावला. गावोगाव जाऊन पाण्याचे नमुने घ्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. कुणी म्हणेल, प्रायश्चित्त. तसं काही नाही. नोकरी मिळाली ती घेतली. पण बाटली भरायला मी कुणाच्या पोरीला कधी पाठवलं नाही. विहीर कितीही लांब असो, ऊन कितीही असो, स्वतः गेले. सोबतच्या बाया चिडायच्या, "मॅडम, लई कडक करून राहिल्या तुम्ही." कडक नव्हते. घाबरत होते.

गेल्या उन्हाळ्यात मी वैजनाथकाकांकडे गेले. आई-अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, काशीकाकू, म्हणजे काकांची बायको, त्याही गेल्या. काका नव्वदीला टेकलेत, ऐकू चांगलं येतं, दृष्टी अधू. दारातल्या कडुलिंबाखाली बाज टाकून बसले होते. मी पायाशी बसले आणि सांगून टाकलं. कुठला हंडा, कोण बसलं होतं, भांडी घासताना काय खोटं बोलले, सगळं. वाटेत मनाशी जुळवलेलं काहीच कामाला आलं नाही, नुसतं भडाभडा बाहेर पडलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काशीनं बी त्येच केलतं."

मला कळेना.

"मी लातूरला. घरी ही एकलीच. सायेब उन्हातून आलेला, दारात हुबं ऱ्हाऊन बाटली म्होरं केली, पाणी द्या म्हणला. हिला वाटलं, वाटंला प्यायला पायजे. दिली भरून पाव्हण्याच्या हंड्यातली. मी इचारलो, बाटली भरून दिलीस का? हाव म्हणली. खोटं कुठं बोलली? लई वर्सांनी, दुखण्यात पडली तवा, बोलता बोलता निघालं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? उन्हातून आल्याल्या माणसाला खराब पाणी कसं द्यावं? बरं केलीस म्हणलो."

खरं सांगते, मला बरं वाटलं. मी एकटीच नव्हते. काकू होत्या सोबत, आणि त्यांना तर माफीही मिळाली होती. मी डोळे पुसले. पण काका बाजेच्या सुतळीवर बोटं फिरवत मनात काहीतरी जुळवत होते.

"म्हंजी," ते हळूच म्हणाले, "तुझी बाटली खरी गेली असती, तर दोन बाटल्यांत फरक निघाला असता. सायेब परत आला असता."

ते रागानं बोलले नाहीत. त्यांना ते तेव्हाच, बोलता बोलता दिसलं होतं, आणि मलाही. इतकी वर्षं त्यांनी दोष स्वतःच्या घराला दिला होता; आमची बाटली तपासणाऱ्यांच्या चुकीनं योग्य ठरली असेल, असंच ते धरून चालले होते. काशीकाकूंची चूक झाली होती. माझी नुसती चूक नव्हती, मला माहीत होतं मी काय करते आहे. त्यांनी मला बरं केलंस म्हटलं नाही, आणि मी त्यांच्याकडून ते ऐकायला जायला नको होतं.

मग त्यांनी नातवाला हाक मारून कागद मागवले. गठ्ठा आता लोखंडी पेटीत असतो. दोन वर्षांपूर्वी नव्यानं पाणी तपासलं गेलं, ते खराब निघालं, कागद आहे. पण कचेरीचं म्हणणं असं की, कारखाना बंद पडल्यावर पाणी चांगलं होतं याचा जुना पुरावा फायलीत आहे. तेव्हा ही खराबी नंतरची, कारखान्याची नव्हे. खड्डे उकरायचं कारण नाही. नातवानं मला ते वाचून दाखवलं. तो जुना पुरावा म्हणजे चिठ्ठी लावलेल्या त्या दोन बाटल्या.

"काशी तर गेली," काका म्हणाले. "तू हाईस. लिहून दे."

मी तिथंच लिहिलं. बाटली विहिरीवर भरली नाही, घरातल्या माळावरच्या पाण्यानं भरली, मी भरली, समजून उमजून भरली. खाली सासरच्या नावानं सही केली. नातवानं मोठ्यानं वाचलं, काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "माहेरचं बी नाव घाल. अप्पाचं घाल, गावाचं घाल. न्हाईतर कोण वळखंल, कुणाची पोरगी ते?" ज्या नावांना बट्टा लागू नये म्हणून मी ती बाटली भरली, ती नावं मी एकेक करून लिहिली. अप्पांचं नाव लिहिताना हात थांबला. काका वाट बघत राहिले.

कागदाची घडी त्यांनी स्वतः घातली. "सोमवारची पहिली गाडी धरू," ते म्हणाले. "तुला बी यावं लागंल सुमे. मी सारा जलम कागद देऊन बघितलो, कागदाला कुणी भेत न्हाई. त्यांच्या म्होरं हुबं ऱ्हाऊन तोंडानं सांगणारं माणूस लागतंय."

मी नांदेडला फोन लावला आणि लेकाला सांगितलं, सोमवारपर्यंत येत नाही.